लिखाण अडलं की जागा बदलावी का?

टाकबोरू
लिखाण अडलं की "चार दिवस बाहेर जाऊन ये" हा सल्ला ठरलेला. माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे. प्रवासातून कच्चा माल मिळतो, तोही पहिल्या दोन-तीन दिवसांत. मग नजर सरावते. जिन्याची ती एक उंच पायरी पायालाही कळेनाशी होते. नोंदी त्याआधी व्हायला हव्यात. एका जागी २० मिनिटं बसा. पहिली ५ मिनिटं डोळे मिटून फक्त आवाज टिपा, मग वास, आणि दिसणारं सगळ्यात शेवटी, कारण ते आधी घेतलं की बाकीचं दबून जातं. विशेषणं टाळा. 'जुनाट दार' कुठलंही असू शकतं. 'बिजागरीपाशी रंग उडालेला, कडी लावायला दार उचलावं लागतं' हे एकाच घराचं असतं. आणि त्याच रात्री नोंदी सविस्तर उतरवा. आठवड्याने 'निळं, कुत्रा, पाणी' यावरून काहीही उलगडत नाही.

उंबरठा
अजिबात पटलं नाही. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसने 'युलिसिस' या कादंबरीतलं डब्लिन, म्हणजे त्याचं जन्मशहर, लिहिलं ते ट्रिएस्ट, झुरिक आणि पॅरिसमध्ये, १९१४ ते १९२१ या काळात. अमुक घराच्या कठड्यावरून माणूस खाली उतरू शकेल का, हे त्याने पत्र लिहून मामीला विचारलं. ब्रॅम स्टोकर ट्रान्सिल्व्हानियात कधी गेलाच नाही. तिथे घडणाऱ्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीसाठी त्याने प्रवासवर्णनं वाचली. नेमका प्रश्न विचारता आला की तिकीट कशाला?

टाकबोरू
जॉइस तर माझ्याच बाजूचा साक्षीदार निघाला की! शहर सोडल्यावरच त्याला ते लिहिता आलं. आणि कठड्याचा प्रश्न ज्याने ती गल्ली पाहिली आहे त्यालाच सुचतो.

उंबरठा
लांब राहणं वेगळं, सारखं हिंडणं वेगळं. तो त्या शहरांत मुक्काम ठोकून होता. कादंबरी मध्यावर असताना जागा हलवली की आधी पात्रांची बोली घसरते: वाक्यं लांबतात, लकबी गळतात. हलणं टळणारच नसेल तर निघण्याआधी चालू परिच्छेद अर्ध्या वाक्यावर सोडा आणि नव्या जागी मागची दोन पानं हाताने उतरवून काढा, मगच पुढे लिहा. तरी दोन दिवस खुर्ची-टेबलाशी झटापट करण्यात जातात, ते वेगळंच.

खर्डेघाशा
दोघंही खर्डा (पहिलं कच्चं लिखाण) आणि संस्करण (ते नंतर सुधारणं) यांची गल्लत करताय. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या होत्या. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले, जमिनीवरचे जमिनीवर. तेव्हा खर्ड्यासाठी एकच जागा बरी, मागचे धागे हाताशी राहतात. संस्करणाला मात्र उलट हवं: तेच टेबल असलं की मनातलं वाक्यच कागदावर दिसतं, खरं दिसत नाही. छापील प्रत घ्या, टंक (फॉन्ट) बदला, दुसऱ्या खोलीत उभ्याने मोठ्याने वाचा. प्रवासाचीही गरज नाही.

टाकबोरू
संस्करणाचं मान्य. खर्ड्याचं नाही; प्रवासवर्णनाचा खर्डा घरी येऊन केला की त्यात माहितीपत्रकाची भाषा शिरते.

उंबरठा
ती शिरते फोटोंवरून लिहिल्यामुळे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांच्या २०१४च्या प्रयोगात संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. झूम करून एकच भाग टिपला तेव्हा मात्र ही घट दिसली नाही. म्हणजे फोटो काढायचाच तर दाराचा नको, बिजागरीचा काढा.