‘परिमेय’, ‘अपरिमेय’ आणि ‘वास्तव’ : संख्यांच्या नावांचे नेमके अर्थ

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : मुलगी यंदा नववीत असून तिच्या गणिताच्या पुस्तकातले ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण आम्ही दोघी मिळून वाचत आहोत. गणित तिला जमते, मी मात्र नावांपाशी अडखळते. ‘पूर्ण संख्या’ आणि ‘पूर्णांक संख्या’ हे वेगळे कसे? ‘अपरिमेय’ हा शब्द एरवी आपण ‘अमाप’ या अर्थाने वापरतो, मग १ आणि २ यांच्या मध्ये मावणारी √२ ही संख्या अपरिमेय का म्हणायची? आणि काही संख्या ‘वास्तव’ असतील, तर उरलेल्या अवास्तव समजायच्या का?

उत्तर (वाशी) : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यांत शून्य मिळवले की पूर्ण संख्या. त्यांत −१, −२, −३… याही घेतल्या की पूर्णांक संख्या. ‘पूर्णांक’ हा शब्द ‘अपूर्णांक’ या आपल्या ओळखीच्या शब्दाशेजारी ठेवून पाहावा, म्हणजे −३ ला पूर्णांक का म्हणतात ते लक्षात येते. ‘पूर्ण’ आणि ‘पूर्णांक’ इतकी सारखी दिसणारी नावे शेजारी ठेवणे मला स्वतःला गैरसोयीचे वाटते, पण शालेय पुस्तकांत ती रुळली आहेत.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ‘मेय’ म्हणजे मापता येण्याजोगे हे खरेच, परंतु येथे माप कशाच्या तुलनेत घ्यायचे हे महत्त्वाचे ठरते. ज्या संख्येला दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराने, म्हणजे म/न या रूपात (न शून्य नसताना), लिहिता येते ती परिमेय. त्यामुळे प्रत्येक पूर्णांक परिमेय असतोच, कारण −३ म्हणजे −३/१ आणि ० म्हणजे ०/१. आता १० मीटर बाजूचा एखादा चौरस भूखंड घेतला, तर त्याचा कर्ण १०√२ मीटर असतो, आणि बाजू व कर्ण या दोहोंत नेमकी पूर्ण वेळा बसेल अशी एकही लांबी, ती कितीही बारीक घेतली तरी, सापडत नाही. √२ अपरिमेय आहे ती या अर्थाने; तिच्या लहानमोठेपणाशी त्याचा संबंध नाही.

हे सिद्ध करणेही अवघड नाही. √२ = म/न असे अतिसंक्षिप्त रूपात मानले, तर म² = २न² मिळते, म्हणून म सम असला पाहिजे; म्हणजेच म = २क. ही किंमत घातल्यावर न² = २क² येते आणि न सुद्धा सम ठरतो, मग अपूर्णांक अतिसंक्षिप्त होता हे गृहीतच टिकत नाही.

शंका (नौपाडा) : पण टेपने मोजले तर कर्ण १४.१४ मीटर येईल, आणि ती तर परिमेय संख्या झाली!

उत्तर (वाशी) : टेपवरचे वाचन नेहमी परिमेयच असणार, कारण तेथे आपण कुठेतरी थांबतो. १४.१४ ही १०√२ ची जवळची किंमत आहे, ती संख्या नव्हे. हीच गल्लत पाय (π), म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, याच्या बाबतीत सर्रास होते. २२/७ म्हणजे ३.१४२८५७१४२८५७…, तर पाय ३.१४१५९…, दोन्हींचा तिसराच दशांश अंक वेगळा आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, आणि तो सांगताना ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, हा शब्द आवर्जून योजला. पाय अपरिमेय आहे याची सिद्धता मात्र लॅम्बर्टने अठराव्या शतकात दिली.

दशांशरूपावरून ओळख सोपी होते. ३/८ = ०.३७५ हे खंडित. १/७ चे १४२८५७ हे अंक पुनःपुन्हा येतात, म्हणून ते अखंड आवर्ती. ७ ने भागताना शून्येतर बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते, त्यामुळे कधीतरी तीच बाकी परत येणे भाग असते. याउलट ०.१०१००१०००१… अशी, दर खेपेस एक शून्य वाढवत नेलेली संख्या संपतही नाही आणि आवर्तीही होत नाही, म्हणून ती अपरिमेय.

पुरवणी (ऐरोली) : ‘करणी’ (परिमेय संख्येचे अपरिमेय येणारे मूळ, जसे √२) आणि ‘अपरिमेय’ हे शब्द समानार्थी नाहीत, एवढी भर घालतो. √४ ला मूळचिन्ह असूनही ती करणी नव्हे, कारण तिची किंमत २ आहे. आणि पाय अपरिमेय असूनही करणी नव्हे. पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे पाय हे मूळ असू शकत नाही, हे लिंडेमानने १८८२ मध्ये सिद्ध केले. अशा संख्यांना बीजातीत म्हणतात.

‘वास्तव’ हे विशेषण समीकरणांच्या मुळांवरून आले आहे. देकार्तने १६३७ मध्ये मुळांचे वास्तव आणि काल्पनिक असे दोन प्रकार सांगितले. क्ष² + १ = ० या समीकरणाला संख्यारेषेवर उत्तर नाही; त्याची मुळे दुसऱ्या प्रकारची. तेव्हा संख्यारेषेवरच्या प्रत्येक बिंदूची संख्या ती वास्तव, असे समजावे. ‘काल्पनिक’ या नावातली कमीपणाची छटा मात्र मनावर घेऊ नये, कारण विद्युतशास्त्रात त्या संख्या रोज वापरल्या जातात.

शंका (नौपाडा) : दोन्ही उत्तरांबद्दल आभार. मुलीचा एक प्रश्न राहिला आहे: दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच येते का?

उत्तर (ऐरोली) : दर वेळी नाही. २ + √३ आणि २ − √३ या दोन्ही अपरिमेय आहेत, पण त्यांची बेरीज ४ येते. √२ + √३ मात्र अपरिमेयच राहते, हे तिला वर्ग करून पडताळता येईल. आणि नैसर्गिक लॉगरिदमचा पाया असलेली २.७१८२८… ही संख्या पायमध्ये मिळवली, तर येणारी बेरीज परिमेय की अपरिमेय हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.