प्रश्न: जळगावच्या लॅबमध्ये मुलांचे प्रोग्राम तपासायला डॉकर पुरे का?

पुरे नाही. डॉकर प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतो, पण त्यातला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यजमान मशीनचाच असतो. त्यात एक भोक सापडलं की सगळं उघडं. फायरक्रॅकर वापरा, तो स्वतःचा कर्नल असलेला छोटा व्हीएम (आभासी संगणक) चालवतो. पण आधी मशीनवर केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय, मिळतंय का ते पाहा. स्वस्तातल्या भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा नसतं, तिथेच गाडी अडते.

दर सबमिशनला नवा व्हीएम: १ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), १२८ एमबी रॅम, रूट डिस्क फक्त वाचण्यापुरती, लिहायला छोटा टेम्पएफएस (रॅममधली तात्पुरती जागा). नेटवर्क कार्ड जोडूच नका. निकाल व्हीसॉकवरून, म्हणजे व्हीएम आणि यजमान यांच्यातल्या थेट वाटेने घ्या. आणि फायरक्रॅकर जेलरशिवाय (त्याला कोंडून ठेवणारा सोबतचा प्रोग्राम) चालवू नका, रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून तर नाहीच.

वेळमर्यादा आतल्या प्रोग्रामवर सोपवू नका. बाहेरून मोजा, संपली की फायरक्रॅकरची प्रोसेसच मारा. मे महिन्यात आपल्याकडे तापलेला प्रोसेसर वेग उतरवतो, काल दीड सेकंदात झालेला प्रोग्राम आज दोनची मर्यादा ओलांडतो. थोडी ढील ठेवा.

हमखास विसरतं ते सिरियल कन्सोल, म्हणजे व्हीएममधला मजकूर बाहेर येण्याची वाट. अनंत लूपमधलं प्रिंट यजमानाच्या लॉग फाइलमध्ये साचत जातं आणि डिस्क भरते. बूट आर्ग्युमेंटमध्ये (कर्नल सुरू करताना दिलेल्या सूचनांत) सिरियल पोर्ट बंद करा.

व्हीएम दरवेळी स्नॅपशॉटवरून (साठवून ठेवलेल्या चालू स्थितीवरून) उठवणार असाल तर प्रत्येक प्रतीत रँडमचं बीज, म्हणजे ज्यावरून रँडम आकडे निघतात ते, तेच राहू शकतं, तेवढं नव्याने पेरा.