‘बूस्ट’ला मराठीत काय म्हणाल?

धरमपेठी
संध्याकाळी घरी चार-पाच पोरांना गिटार शिकवतो. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचं टिपण लिहून राहिलो, तर पहिल्याच वाक्यात गाडी अडली: ‘प्रीअँप आणि बूस्ट लावले की टोन सुधारतो.’ यात मराठी काय ते ‘आणि’ अन् ‘लावले की’. त्यात परवा एका पोरानं बूस्टचं पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजाला जोर देणारी पायानं दाबायची डबी, दाबलं, दोन मिनिटं वाजवलं आणि म्हणाला, “सर, आवाज मोठा झाला. सुधरला कुठे?” मला उत्तर देता आलं नाही. टोन, प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधीचा टप्पा), बूस्ट, ड्राइव्ह (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं पेडल). यातलं काय ठेवू, काय बदलू?

शब्दखोड
अँप्लिफायरला शास्त्रीय लेखनात ‘प्रवर्धक’ आणि ‘विवर्धक’ दोन्ही सापडतात. त्या हिशेबानं प्रीअँप म्हणजे पूर्वप्रवर्धक. डिस्टॉर्शनला विरूपण. बूस्ट म्हणजे मग... संवर्धक?

मंडपवाला
गणपतीत नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या मंडपात उभं राहून ‘पूर्वप्रवर्धकाची पिन हलून राहिली’ असं ओरडून पाहा बाप्पा. पोरगं प्रसाद आणून देईल.

विरूपण कशाला, आपल्याकडे धडधडीत शब्द आहे: फाटणे. माइक फाटून राहिला, स्पीकर फाटला. तारेतला विद्युतदाब यंत्राला झेपेना की लाटेचा माथा कापला जातो, तेच फाटणं. आम्ही मंडपातले साउंडवाले ते टाळायला धावतो अन् तुम्ही गिटारवाले त्यासाठी पैसे मोजता, एवढाच फरक.

जवारी
सतार वाजवते, गिटारीत लुडबुड करते आहे. ‘टोन’साठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणं सांगतात: लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जाती. तोच सा, तेवढ्याच जोरात, सतारीवर आणि बासरीवर वेगळा ओळखू येतो, तो जातीमुळे. टोन म्हणजे नादाची जाती. तुमच्या विद्यार्थ्याला बरोबर खटकलं. त्याला लहानमोठेपणा बदललेला ऐकू आला, जाती नाही.

आणि तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो तेव्हा काय करतो? तार किंचित घासते, वरचे स्वरांश उमलतात, जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झळाळी, खुलते. गिटारवाले ड्राइव्हमध्ये शोधतात ते याच नात्यातलं असावं असं मला वाटतं. फाटणं म्हणा, पण सगळं फाटणं वाईट नसतं.

धरमपेठी
जाती! हा शब्द सरळ उचलतो. पण मग पुढची गोष्ट सांगावीच लागेल, कारण बूस्टनं जाती कधी बदलते, कधी नाही.

गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून, साधारण शे-दोनशे मिलिव्होल्ट निघतात, पिकअप दणकट असला तर जास्त. त्यावर मोठा स्पीकर हलत नाही. प्रीअँप हा कच्चा माल कामाच्या पातळीला आणतो आणि बास, मिड, ट्रेबलचं (खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचं) वळणही तिथेच मिळतं. बूस्ट म्हणजे खरं तर छोटा प्रीअँपच, बहुतेक वेळा एकाच खुंटीचा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा एलपीबी-१ हा बूस्ट साठच्या दशकाच्या अखेरीपासून हेच करतो आहे. 6 डेसिबल वाढवले की विद्युतदाब दुप्पट, 20 वाढवले की दहापट.

आता हा बूस्ट व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपच्या तोंडाशी लावला आणि अँप आधीच काठावर असला, तर आवाज फारसा वाढत नाही, तो दाटतो, फाटायला लागतो. जाती बदलली. तोच बूस्ट ड्राइव्हच्या पेडलनंतर ठेवला आणि पुढच्या अँपमध्ये जागा असली, की जाती तीच, फक्त सोलोला आवाज वर येतो. खुंटी तीच, जागा बदलली की काम बदललं. गोळाभातावर वरून ओतलेली फोडणी आणि डाळीत आधी घातलेली फोडणी, तेल एकच असलं तरी चव एक नसते.

शब्दखोड
मग टिपणात ‘सुधारतो’ हे क्रियापदच खोटं आहे. ‘बदलतो’ लिहा.

धरमपेठी
मान्य. यात कानाची लबाडीही आहे. किंचित मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून परवापासून नियम केला: बूस्ट चालू केल्यावर अँपचा आवाज तेवढाच खाली आणायचा, मगच मत द्यायचं. त्या पोराला तसं ऐकवलं. डोळे मिटून बसला, म्हणाला, “आता जाडा झाला.” भरदारही नाही, दाटही नाही. जाडा.

मंडपवाला
पोराला कान आहे. बूस्टचं सांगू का? भजनवाले बुवा मला वर्षानुवर्षं सांगतात, “आवाजाला जरा उठाव द्या हो.” त्यांना मोठा आवाज नको असतो, तबला-पेटीतून पुढे यायला हवा असतो. उठाव. मी मिडची खुंटी थोडी फिरवतो, बुवा खूश.

शब्दखोड
शाळेतली पोरं ‘1857 चा का?’ म्हणतील.

जवारी
म्हणू देत. रंगाला उठाव, नक्षीला उठाव म्हणतोच की आपण. मागचं होतं तसंच ठेवून एक गोष्ट पुढे आणणं. बूस्टच्या दुसऱ्या कामाला तर तंतोतंत बसतो. पहिल्या कामाला, म्हणजे अँपला फाटेपर्यंत ढकलायला, थोडा कमी.

मंडपवाला
त्याला ‘रेटा’ म्हणा.

धरमपेठी
रेटा आणि उठाव! एकाच डबीची दोन नावं, जागेप्रमाणे. ट्रेबल बूस्टरलाही लागू पडेल. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे व्हॉक्स एसी30 या अँपसमोर ट्रेबल बूस्टर लावतो तो रेटाच, फक्त वरच्या सुरांना जास्त. खालचा खर्ज आधीच कमी केलेला, म्हणून फाटलं तरी चिखल होत नाही.

प्रीअँप मात्र प्रीअँपच ठेवतो. काल पेडलवर मास्किंग टेप लावून मार्करनं लिहिलं: ‘उठाव, काटा 11 वर’. दुसऱ्या पेडलवर ‘रेटा’. आता पंचाईत एवढीच की अँप, ॲम्प की अ‍ॅम्प लिहायचं, यावर घरातच तीन पक्ष पडलेत.

शब्दखोड
त्यासाठी वेगळा धागा काढा.