मदत हवी आहे: स्टिरिओसाठी गाडीत दुसरी बॅटरी कशी जोडावी?

धागाकर्ता: गाडी २०१३ ची, डिझेल. अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलंय. डिकीत १००० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी ताकद) क्लास डी मोनो अँप (अँप्लिफायर) आणि १२ इंची सबवूफर. पुढच्या बॅटरीपासून अँपपर्यंत १६ चौ. मिमीची ५ मीटर केबल. इंजिन चालू असतानाही बास आला की हेडलाइट मंदावतात. इंजिन बंद ठेवून तासभर गाणी लावली की स्टार्टर कसाबसा फिरतो. डिकीत ६५ अँपिअर-अवरची एजीएम (पाणी न भरावी लागणारी, सीलबंद) बॅटरी थेट समांतर जोडली तर चालेल का? केबल आणि फ्यूज किती घ्यावेत?

तांब्याची तार: तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर पूर्ण जोरावर १२५० वॉट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ९० अँपिअर. तुमचा अल्टरनेटर एवढंच देतो, आणि आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तर त्याहून बराच कमी. हेडलाइट पुढच्या बॅटरीवर चालतात. ते मंदावतात म्हणजे व्होल्टेज पुढेच पडतंय, मागची केबल जाड करून ते सुटणार नाही. दुसरी बॅटरी क्षणभराचे झटके झेलेल, पण वीज अल्टरनेटरच बनवतो.

म्हणून आधी तीन तारा जाड करा: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते चासी (गाडीचा धातूचा सांगाडा), इंजिन ते चासी. टर्मिनल घासून घट्ट करा. मग १५०० आरपीएमला, गाणी चालू ठेवून पुढच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. आकडा सतत १३ व्होल्टच्या खाली राहिला तर पैसे मोठ्या अल्टरनेटरवर घालवा, बॅटरीवर नको.

इंजिन बंद ठेवून ऐकायचं असेल तर मात्र दुसरी बॅटरी हाच खरा उपाय. ६५ पैकी निम्मे, म्हणजे ३२ अँपिअर-अवरच वापरायचे. सरासरी २० अँपिअर ओढले तर दीड तास मिळेल.

चासी अर्थ: थेट समांतर जोडू नका. इंजिन बंद असताना दोन्ही एकत्र उतरतील आणि स्टार्टरचा प्रश्न तसाच राहील. शिवाय जुनी बॅटरी नवीला खाली ओढते. मध्ये १४० अँपिअरचा व्होल्टेज सेन्सिंग रिले टाका. हा व्होल्टेज बघून आपोआप चालणारा स्विच: साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ ला तोडतो.

केबल ३५ चौ. मिमी, शुद्ध तांब्याची. वेल्डिंग केबल चालते, पण टोक खरवडून आत अ‍ॅल्युमिनियम नाही ना ते बघा. ५ मीटरला ९० अँपिअरवर १६ चौ. मिमीत अर्ध्या व्होल्टच्या वर पडतं, ३५ मध्ये पाव व्होल्ट.

फ्यूजबाबत तडजोड नको. १२५ अँपिअरचा एएनएल (मोठ्या करंटचा बोल्टने बसणारा फ्यूज) दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. एकच लावतात आणि तिथेच आग लागते: केबल दारापाशी घासून बॉडीला टेकली की पुढचा फ्यूज उडतो, पण मागची बॅटरी त्याच केबलमधून आग ओततच राहते. मागच्या बॅटरीपासून अँपला वेगळा फ्यूज, अँपवरच्या फ्यूजांच्या बेरजेइतका.

मागचं अर्थिंग रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर, एम८ बोल्टने. अँपचं अर्थही तिथेच, नाहीतर स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येईल. आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी) गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) केबलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. बॅटरी पत्र्याला बोल्ट केलेल्या ट्रेमध्ये आवळा, नुसत्या बेल्टवर नको. साधी पाणी भरायची बॅटरी डिकीत ठेवू नका, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो.

धागाकर्ता: समजलं. काम कोणत्या क्रमाने करू? आणि २०२१ च्या बीएस-६ गाडीत हेच चालेल का?

चासी अर्थ: आधी पुढच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढा. केबल ओढा, लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, स्लीव्ह चढवा, रिले जोडा. दोन्ही बॅटऱ्या आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. एक उतरलेली असेल तर रिले जोडताच मोठा करंट धावतो. फ्यूज सगळ्यात शेवटी. मग इंजिन चालू करा, रिले खटकला की दोन्हीकडचा फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा.

तांब्याची तार: बीएस-६ गाडीत आधी अल्टरनेटर स्मार्ट आहे का तपासा. असेल तर इंधन वाचवायला तो व्होल्टेज मधूनमधून १२.५ च्या आसपास आणतो, रिले तुटतो आणि मागची बॅटरी कधीच भरत नाही. तिथे २५ ते ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा, म्हणजे पुढचा व्होल्टेज कमी असला तरी तो वाढवून मागची बॅटरी भरणारं यंत्र. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असेल तर कुठलीही अर्थ वायर थेट त्या खांबावर जोडू नका, चासीला जोडा. नाहीतर सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि चार्जचा हिशेब चुकतो.

तुमच्या गाडीतही एक जपा. इंजिन बंद केल्यावर व्होल्टेज लगेच १२.८ च्या खाली येत नाही, त्यामुळे काही मिनिटं रिले जोडलेलाच राहतो. त्या वेळात पुन्हा स्टार्टर मारला तर मागच्या बॅटरीचा करंटही त्याच केबलमधून धावतो आणि फ्यूज उडू शकतो. रिलेच्या अर्थ वायरमध्ये एक स्विच घाला, लगेच स्टार्ट करायचं असेल तेव्हा तो बंद ठेवा.