'झाड व्हा, वारा व्हा' शिकून पोट भरतं का?

प्रॉम्प्टर

परवा इथेच एका काकांनी लिहिलं होतं: "नाटक छंद म्हणून करा की. श्रीराम लागू, मोहन आगाशे आधी डॉक्टर झाले, मग नट. नाटकाच्या पदवीला तीन वर्षं 'झाड व्हा, वारा व्हा' करून हातात काय येतं?" खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी लागूंचं. ते डॉक्टर झाले तेव्हा पुण्यात नाटकाची पदवी होती कुठे? विद्यापीठात ललित कला केंद्र निघालं १९८७ साली. जो रस्ताच नव्हता तो त्यांनी शहाणपणाने टाळला म्हणे! कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून ते १९६९ साली पूर्णवेळ नाटकात आले, हे मात्र सोयीस्कर विसरायचं.

माझी पदवी नाटकाची. गेली नऊ वर्षं एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक बघते. (हो, थिएटर. तो विनोद सगळ्यांचा करून झालाय.) आत्मविश्वास, संवादकौशल्य वगैरे मी म्हणणार नाही, ती माहितीपत्रकातली भाषा. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे प्रॉपर्टी होती, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम. दुसऱ्या अंकात नायिकेला पत्र सापडतं. त्या दिवशी ते सापडेचना. विंगेत वहीचं पान फाडून, चार घड्या घालून दिलं; तिने कोऱ्या पानावरून अख्खं पत्र वाचलं. सरांनी मला काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी खडू आणून दिला: टेबलावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढ, वस्तू नसेल तर रिकामी जागा दिसेल. रुग्णालयात लागल्यावर ट्रॉलीच्या खणांत मी टेपने तेच केलं. जुन्या सिस्टर हसल्या. आता नवीन आलेल्यांना त्याच शिकवतात.

आणि बालगंधर्वला साडेबाराचा प्रयोग लांबलाय, साडेपाचवाल्यांचा टेम्पो मागच्या दाराशी हॉर्न मारतोय, अशात ज्याने नेपथ्य उतरवलंय त्याला दोन केसच्या मधली पंचवीस मिनिटं पुष्कळ वाटतात.

खातेवही

ताई, काका मीच. अंगठे मी मागितले नव्हते.

खडूची गोष्ट आवडली. पण त्याला तीन वर्षं आणि विद्यापीठ कशाला? आमच्या गणपती मंडळात दहावी नापास पोरगा अकरा दिवस वर्गणी, मांडव, लाइटवाला, पोलीस परवानगी, विसर्जनाचा ट्रक सगळं सांभाळतो. त्याला कोणी पदवी देत नाही. कॉलेजांच्या एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, त्यातून इंजिनिअर, वकील, बँकवाले घडले. सगळ्यांनी दिवसा अभ्यास केला आणि रात्री तालीम. माझा भाचा नाटकाची पदवी घेऊन सहा वर्षं गोरेगावला खोलीत चौघांत राहतोय. ऑडिशन देतो. भाडं मी भरतो. त्याची कौशल्यं कुठे आहेत ते मला घरमालकाला दाखवायचंय.

प्रॉम्प्टर

भाच्याचं वाईट वाटतं. पण तो नट व्हायला गेलाय, त्याने दुसरी नोकरी शोधलीच नाही. माझा मुद्दा शोधणाऱ्यांचा आहे. आणि मंडळाच्या पोराला चूक झाली तर कोणी बसवून विचारत नाही, कुठे चुकलं ते. आम्हाला रोज विचारायचे.

तिहाई

मी कथकवाली, म्हणून दोघांच्याही विरोधात बोलते. पदवीनंतर अकरा मुलाखती दिल्या. एका ठिकाणी मॅडमनी अर्ज वाचून विचारलं, "मग नाचून दाखवाल?" दुसऱ्या ठिकाणी मैत्रिणीने पढवलं होतं की तालामुळे गणित सुधारतं असं सांग. सांगितलं. खोटं आहे ते. मला सोळापर्यंत उत्तम मोजता येतं, पुढे कॅल्क्युलेटर. शेवटी सॉफ्टवेअर तपासणीचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि त्यावर नोकरी लागली. तेच पाऊल दोनशे वेळा न कंटाळता करायची सवय तिथे कामी येते, नाही म्हणत नाही. पण दार उघडलं ते त्या कोर्सने. प्रॉम्प्टरताई, तुम्हाला तरी रुग्णालयाने पदवी बघून घेतलं का?

प्रॉम्प्टर

नाही. रिसेप्शनला लागले होते, बारावीवर. घ्या.

माणदेशी

माझं जरा वेगळं. मी म्हसवडकडचा. पहिल्या वर्षाला आवाजाचा तास असायचा. ओंकार, श्वास, सगळं झ्याक. मग एक दिवस सर म्हणाले, "पाणी म्हण." म्हनलं, पानी. सगळ्या वर्गासमोर पन्नासदा म्हणायला लावलं. पोरं मोजत होती मोठ्यानं. वर्षभर मी वर्गात तोंडच उघडलं नाही. आज ठिबक सिंचनाचं सामान विकतो, तीन तालुके माझ्याकडं. शेतकऱ्याच्या वस्तीवर जाऊन ण काढला असता तर त्यानं चहासुद्धा विचारला नसता. ज्या जिभेवर माझं घर चालतंय तीच ही मंडळी तासून काढत होती. कौशल्य देतात म्हनं.

सदाशिव

क्षमस्व, पण रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायला हवा की नको? 'न' आणि 'ण' हे दोन वेगळे वर्ण आहेत. मन आणि मण एकच का? उद्या बातम्याही 'आनी-पानी'त द्यायच्या का?

माणदेशी

शेवटच्या रांगेला 'पानी' ऐकू येत न्हाई व्हय? का कळत न्हाई?

सदाशिव

कळण्याचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. प्रमाण भाषा शिकणं म्हणजे अपमान हे नवीनच खूळ निघालंय.

माणदेशी

शिकवा ना. पन्नासदा कशाला? तुमच्या पोराला उभं करून कोनी म्हसवडची बोली पन्नासदा म्हणायला लावली का कधी? नाटकात गावचा पाटील करायचा असला की तुम्हीच येताव, "जरा तो लहेजा सांग रे". मकरंद अनासपुरे बोलले की टाळ्या, मी बोललो की अशुद्ध!

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, शंभर टक्के! आमच्या इकडं तर "बोलून राहिलो" म्हटलं की पुण्यात लोक खाली बघून हसतेत. एका कॉल सेंटरात आवाजाची चाचणी होती, मराठी ग्राहकांसाठी. मला नाकारलं "रिजनल अ‍ॅक्सेंट" म्हणून. मराठीला रिजनल अ‍ॅक्सेंट! मंग ग्राहक काय लंडनचे होते?

सदाशिव

विषय नाटकाच्या पदवीचा होता. इथे जातीय वळण यायच्या आत थांबतो.

माणदेशी

जातीचं नाव तुम्हीच काढलंत आत्ता. मी ण बद्दल बोलत हुतो.

भूलतज्ज्ञ

तापू नका. धाग्यावर परत येतो. एमबीबीएसला २०१९ पासून संवाद आणि नीतीचं वेगळं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आलंय, म्हणजे आम्हाला बोलता येत नाही हे सरकारदरबारी मान्य झालंय. मी शिकलो तेव्हा असलं काही नव्हतं. पहिल्यांदा मृत्यूची बातमी दिली तेव्हा मी केसपेपरकडे बघून बोललो. त्या बाई दोन मिनिटं समजल्याच नाहीत. कुठे उभं राहायचं, कधी गप्प बसायचं, हे नाटकवाल्यांना येतं. पण एवढ्यासाठी रुग्णालयाने नाटकवाल्याला नोकरी दिलेली मी पाहिली नाही. बोलावतात, दोन तासांची कार्यशाळा घेतात, शाल-श्रीफळ देतात, मानधनाचं विचारलं की हिशेबनीस रजेवर.

प्रॉम्प्टर

शाल माझ्याकडेही आहे. दोन.

माणदेशी, तुमचं वाचून मघापासून गप्प आहे. आमच्याही वर्गात एक मुलगा होता, लातूरकडचा. आम्ही मोजायचो. मीसुद्धा. तेव्हा गंमत वाटायची. तो दुसऱ्या वर्षी आला नाही, आणि का, हे मी आजवर विचारलं नाही. खडूवाले सर आणि पन्नासदा म्हणायला लावणारे सर एकच होते.

खातेवही

बरं, माझ्याकडून एक कबुली, हवी तर फ्रेम करा: पदवी कुठलीही असो, एमपीएससीला चालते. तेवढ्यापुरतं तुमचं नाट्यशास्त्र आणि माझं बीकॉम सारखंच. भाच्याला ट्रॉलीवाला खडू पाठवून देतो.

तिहाई

खडू नको, भाडं पाठवत राहा.

माणदेशी

प्रॉम्प्टरताई, तुम्ही कबूल केलंत, ब्येस झालं. त्या लातूरवाल्याचा पत्ता लागला तर सांगा. माझ्याकडं मराठवाड्यासाठी मानूस पायजे. ण नसलेला.

प्रॉम्प्टर

जुन्या वहीत नंबर असेल कदाचित. उद्या पहिली केस सातची आहे, संध्याकाळी शोधते.