सायकॉलॉजीत एमए केल्यावर प्रॅक्टिकल कुठं करायचं?

खानापूरची_मी: बीए झालं, आता एमए सायकॉलॉजीला जायचं म्हणतोय आम्ही दोघी मैत्रिणी. एमए झालं की क्लिनिक घालता येतं की नाही? आणि माझं कन्नड म्हणजे बाजारातलं, बसस्टँडवरचं तेवढंच, त्यानं काय अडतंय काय?

टिळकवाडी७७: नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही बघ. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात एमएनंतर दोन वर्षांचं फुलटाइम एमफिल आहे, पेशंटसोबत देखरेखीखालचं काम धरून, तेही आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेलं. आणि यूजीसीनं त्या एमफिलच्या प्रवेशाला 2025-26 पर्यंतच मुदत दिलेली, तेव्हा पुढचं आरसीआयच्या साइटवर बघूनच ठरव, क्लासवाल्यांच्या जाहिरातीवर जाऊ नकोस.

निपाणीकर_ताई: कन्नडचं विचारलंस ते बरं केलंस गं. मी धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी दवाखान्यात, इंटर्नशिपला होते, पहिल्याच आठवड्यात एक आजी तासभर बोलल्या आणि मला फक्त "निद्दे बरल्ल" एवढंच कळलं, म्हणजे झोप येत नाही, बाकी सगळं वर्गातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा कुठं केस हिस्टरी लिहिली. मराठी पेशंट पण येतात की, तिथं मात्र मलाच बोलवायचे!

टिळकवाडी७७: आणि कॉलेजला आधीच विचार, आपण लिहिलेल्या केसेस कोण तपासतंय ते. आमच्याकडं नुसत्या सह्या व्हायच्या.

खानापूरची_मी: होय की, विचारतो. कन्नड आजपासनं चालू, शेजारच्या अक्कांकडं.