नाक्यावर 'डिक्की उघडा' म्हटलं की उघडायची का?

तापीकाठ

मागच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आटोपून बुऱ्हाणपूरकडून परत येत होतो. गाडीत मी, बायको, आई आणि मागे झोपलेली पोरगी. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून अलीकडे आलो तर एका फाट्यावर नाकाबंदी. कुठला फाटा, कुठलं ठाणं ते मुद्दाम लिहीत नाही, विषय एका माणसाचा नाही.

काच खाली केली. लायसन आणि आरसी मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये दाखवलं, त्यावर काही हरकत नाही. तेवढ्यात एकाने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. दुसरा म्हणाला, "डिक्की उघडा."

उघडली. आत उडदाच्या पापडांची पिशवी, आईची औषधं, लग्नघरातून बांधून दिलेला मांड्यांचा डबा आणि बायकोची बॅग. गड्याने टॉर्च काखेत धरली, बॅगेची चेन ओढली आणि आतले कपडे एकेक करून डिक्कीच्या काठावर काढून ठेवले. परकर, ब्लाउज, सगळंच. मागून ट्रक येत होते, प्रत्येकाच्या उजेडात ते कपडे दिसत होते. बायको गाडीतून उतरलीच नाही. मग डबा उघडला आणि वरच्या मांड्याची घडी बोटाने उलगडून आत पाहिलं. आईने विचारलं, "काय सापडलं का रे भाऊ?" तो हसला. "जा" म्हणाला. किल्ली बॉनेटवर ठेवलेली होती.

शिवी दिली नाही, पैसे मागितले नाहीत. तरी चोपडा येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

झडती घेऊच नका असं मी म्हणत नाही. आपण हद्दीवरची माणसं, इकडून काय काय येतं-जातं ते मलाही कळतं. पण मोटार वाहन कायद्यात (१९८८) कलम १३० म्हणतं की गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवायचं, आणि कलम १३२ म्हणतं की अपघात वगैरे झाल्यावर पोलिसाने थांबवलं की थांबायचं. ही दोन्ही कलमं मी वाचली. त्यांत डिक्की नाही, बॅग नाही, किल्ली तर नाहीच. माझी गाडी त्या रात्री तपासली गेली हे आज कुठल्या वहीत लिहिलेलं आहे? कुठेच नाही. उद्या मी तक्रार केली तर समोरचा म्हणेल, अशी झडती झालीच नाही. मला त्रास झडतीचा कमी आणि तिची कुठे नोंदच नसण्याचा जास्त आहे.

खाकीत ३१ वर्षं (निवृत्त)

तुमच्या मांड्याची घडी उलगडली म्हणून एवढा लेख. तुमच्या मागच्या गाडीत काय निघालं ते तुम्हाला माहीत आहे का?

मी सांगतो. नोकरीत असताना अशीच एक पांढरी गाडी अडवली होती. नवरा, बायको, मांडीवर लेकरू. बोलणं गोड. पिठाच्या डब्यात हात घातला तर दोन गावठी कट्टे. हद्दीवरच्या उमर्टीच्या बाजूने काय येतं ते चोपड्यात शेंबडं पोरगंही सांगेल. शिरपूरच्या वरच्या अंगाला शेतातून गांजा उपटतात ते पेपरात वाचता. नवापूरकडून गुजरातेत दारू जाते, कारण तिकडे बंदी आहे. हा माल काय "माल आहे" अशी पाटी लावून जातो? तो कुटुंबासोबतच जातो, कारण कुटुंबाची गाडी अडवत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे.

तुम्ही एकच कायदा वाचला. शस्त्र कायदा आहे, अमली पदार्थांचा आहे, दारूबंदीचा १९४९ चा आहे, त्यांत वाहन थांबवून झडती घेण्याचे अधिकार आहेत.

आणि किल्ली. माझा एक सहकारी गाडीच्या दाराला धरून वीस फूट फरफटत गेला. त्याचा डावा पाय अजून नीट पडत नाही. त्या दिवसापासून मी आधी किल्ली काढायचो, मग नमस्कार करायचो. कलम विचारू नका.

कागदाचं म्हणाल तर रात्री दीडशे-दोनशे गाड्या आणि माणसं चार. प्रत्येक गाडीला पंच आणू कुठून? रात्री दोनला पंच म्हणून उभा राहतो तो फक्त चहावाला, आणि तोही पुढच्या वेळी टपरी बंद करून पळतो.

पिकअपवाला, रावेर

भाऊ, तुम्ही कलमं वाचा, तवलोंग मन्ही केळी पिकी जाई!

बरं, मराठीत लिहितो. महिन्यात वीस रात्री मी रस्त्यावर असतो. मला किल्लीचं काही वाटत नाही, ती मी आपणहून काढून हातात देतो. मला वाटतं ते सळईचं. ताडपत्री सोडायला लावतात आणि खाली काही दडवलंय का बघायला घडांमधून लोखंडी सळई खुपसतात. जिथे सळई घासते ती फणी सकाळपर्यंत काळी पडते. पलीकडचा व्यापारी बघतो आणि म्हणतो, हा माल डागी. भाव तोडतो तो माझ्या भाड्यातून. पोलीस भरून देतो का? शासन देतं का?

मे महिन्यात अर्धा तास उभं राहिलं की ताडपत्रीखाली भट्टी होते. तुमच्यासारख्या गाडीवाल्याला हक्क परवडतो. मला वेळ परवडत नाही. म्हणून मी विचारत नाही, सोडतो ताडपत्री.

एक मात्र आहे. सगळे सारखे नाहीत. एक जमादार आहेत, नुसत्या टॉर्चने बघतात, दोन घड स्वतःच्या हाताने उचलून परत ठेवतात. त्यांना आम्ही सगळे गाडीवाले ओळखतो.

गिरणाकाठचा गप्पिष्ट

कर नाही त्याला डर कशाला? उघडा डिक्की, दाखवा, निघा. दोन मिनिटांचं काम, त्यावर दोन हजार शब्द.

काळा कोट, धुळे

तापीकाठ आणि खाकीसाहेब, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

वाहतुकीचा चलान फाडणं हे एक काम आणि झडती घेणं हे दुसरं. सीटबेल्ट नाही म्हणून थांबवलं तर त्या कारणाने डिक्की उघडता येत नाही. पण संशयाला आधार असेल तर येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १८५, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) १६५, म्हणतं की तपासासाठी लागणारी वस्तू एखाद्या जागी आहे असं मानायला सबळ कारण असेल तर अधिकाऱ्याने ते कारण लिहून ठेवायचं आणि झडती घ्यायची. आणि कायद्याच्या व्याख्येत 'जागा' म्हणजे घर, इमारत, तंबू, वाहन, जहाज हे सगळं. म्हणजे तुमची गाडी कायद्याच्या डोळ्यांत घराच्या रांगेत बसते. हे फार लोकांना माहीत नसतं, पोलिसांनाही.

खाकीसाहेब, खास कायद्यांत अधिकार आहेत हे खरं, पण त्यांना अटीही आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे त्या माणसाला आधी सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे काटेकोर पाळायला सांगितलं. मात्र हे अंगाला लागू, हातातल्या बॅगेला नाही. २०२१ मध्ये हरियाणाच्या एका खटल्यात खासगी जीपमध्ये अफूची बोंडं सापडली होती. पोलिसांनी ती सार्वजनिक जागा धरून त्याच कायद्याच्या कलम ४३ खाली झडती घेतली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खासगी गाडी ही सार्वजनिक जागा नव्हे, कलम ४२ ची लेखी पूर्तता, म्हणजे मिळालेली माहिती आधी कागदावर घेणं, हवी होती. आरोपी सुटले. माल खरा, माणसं खरी, कागद नाही म्हणून सुटले. तुमच्या खात्याची मेहनत अशी वाया जाते ते मी धुळ्याच्या कोर्टात बसून बघतो. त्यातून माझं घर चालतं, हेही कबूल करतो.

आता तापीकाठ, तुमच्यासाठी कडू भाग. झडती बेकायदा झाली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. १९७४ च्या पूरणमल खटल्यापासून आपल्याकडे तोच नियम आहे. आणि जागेवर हात आडवा घातलात, धक्काबुक्की झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३५३. सरकारी कामात अडथळा. मग डिक्की बाजूला राहते आणि तुम्ही जामिनाच्या मागे लागता. तोंडाने शांतपणे हरकत नोंदवा, नाव आणि नेमणूक विचारा, वेळ लिहून ठेवा. हाताने काही अडवू नका.

किल्ली काढायचा अधिकार देणारं कलम मलाही सापडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, पण ती विनानोंदणी, विनापरवाना अशा ठरावीक कारणांनी.

जळगावची सून

गप्पिष्ट भाऊ, "कर नाही त्याला डर कशाला" हे ज्याची बॅग भर रस्त्यात उघडली गेली नाही त्यानेच म्हणावं. तुमच्या डिक्कीत स्टेपनी आणि जॅक असतो.

बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, सभ्यता पाळून, हे कायद्यात आहे म्हणतात. मग तिच्या बॅगेला का नाही? नाकाबंदीला महिला कर्मचारी उभी केलेली मी तरी एखाद-दोनदाच पाहिली, तीही सणासुदीला.

अमळनेरकर, सध्या टेक्सास

इथला अनुभव सांगतो, तुलना तुम्ही करा. इथे पोलीस गाडीपाशी येतो आणि बऱ्याचदा सरळ विचारतो, गाडी बघू का? "मी संमती देत नाही" म्हणण्याचा हक्क आहे, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीतला. बरेच लोक हे वाक्य पाठच करून ठेवतात. पण सबळ कारण असेल तर वॉरंटशिवायही गाडी तपासता येते, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्येच ठरवलं. खटला कशाचा होता माहीत आहे? दारूबंदीच्या काळात गाडीच्या सीटमध्ये लपवलेल्या दारूचा. नवापूरची आठवण आली ना?

२०१५ चा एक निकाल मला फार आवडतो. चलानचं काम संपल्यावर केवळ श्वानपथकासाठी एका माणसाला सात-आठ मिनिटं जास्त थांबवलं होतं. कोर्ट म्हणालं, काम संपलं की थांबवणंही संपलं. सात-आठ मिनिटं! आपला पिकअपवाला भाऊ अर्धा तास उभा असतो.

हे सगळं पाठ असूनही मागे लाल-निळे दिवे लागले की मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि श्वास मोजतो. इथे पोलिसाला वाटतं तुमच्याकडे पिस्तूल आहे. तुमच्याकडे निदान मांडेच निघतात.

खाकीत ३१ वर्षं (निवृत्त)

वकीलसाहेब, कोर्टात आरोपी सुटतात ते कागदामुळे कमी आणि फितूर पंचांमुळे जास्त. तरी २०२१ चा निकाल मी वाचलेला नव्हता, आमच्या वेळी नव्हताच.

वहिनींच्या बॅगेबद्दल मात्र मी त्या पोराची बाजू घेणार नाही. माझ्या हाताखाली असता तर तिथेच झापला असता. कपडे काठावर मांडायचे नसतात. बाईलाच खाली उतरवायचं, म्हणायचं, ताई, तुम्हीच एकेक वस्तू बाजूला करा, मी नुसतं बघतो. हे कुठल्या कलमात नाही, मला एका जुन्या फौजदाराने शिकवलं. आता नवीन पोरांना शिकवणारं कोणी उरलं नाही. बंदोबस्त, सभा, मंत्र्यांचे दौरे, त्यातच त्यांची वर्षं जातात.

पण प्रत्येक गाडीला पंचनामा? शक्य नाही म्हणजे नाही.

काळा कोट, धुळे

पंचनामा नका करू, शूटिंग करा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं ध्वनी-चित्रमुद्रण सांगितलं आहे, मोबाइल चालतो असंही लिहिलं आहे. मॅजिस्ट्रेटकडे विनाविलंब पाठवायचं. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं सरकारी ॲपही आलेलं आहे. चार माणसांत एकाने मोबाइल धरायचा, बस. पोलिसाने कट्टा आपणच ठेवला असा आरोप होतो तेव्हा तेच शूटिंग त्याला वाचवेल.

जळगावची सून

थांबा. म्हणजे माझे कपडे आधी रस्त्यावर, आणि मग कोणाच्या तरी मोबाइलमध्ये? तो मोबाइल सरकारी की त्याचा स्वतःचा, हे मी त्या अंधारात कसं ओळखायचं?

काळा कोट, धुळे

प्रश्न रास्त आहे. ॲपमधलं शूटिंग सरकारी साठ्यात जातं, गॅलरीत पडत नाही. पण समोरच्याने ॲप उघडलंय की साधा कॅमेरा, हे बाहेरून कळत नाही, हेही खरं.

पिकअपवाला, रावेर

शूटिंग करा ना भाऊ. सळई खुपसताना पण करा. व्यापाऱ्याला दाखवायला माझ्या कामी येईल.

तापीकाठ

धागा बायकोला वाचून दाखवला. खाकीसाहेबांचं "ताई, तुम्हीच बाजूला करा" ऐकून ती म्हणाली, असं कोणी म्हटलं असतं तर मी उतरले असते.

शूटिंगवर आमचं दोघांचं जमलं नाही. मला हवंय, तिला नको. पुढच्या आठवड्यात परत बुऱ्हाणपूरला जायचंय, पाचपरतावनाला. बॅग या वेळी डिक्कीत ठेवायची नाही, पायाशी ठेवायची असं तिने परस्पर ठरवून टाकलंय. मी एक छोटी वही आणि पेन डॅशबोर्डवर ठेवलंय, वेळ लिहायला. आई म्हणते, वही कशाला, त्या पोराला एक मांडा खायला दिला असता तर घडी उलगडून बघायची वेळच आली नसती.